डेन्सिटी ७३० ते ८०० म्हणजे पेट्रोल शुद्ध? अजिबात नाही

‘पंपावर नुसता झिरो बघू नका, डेन्सिटी बघा! पेट्रोल ७३० ते ८०० आणि डिझेल ८३० ते ९०० असेल तरच माल शुद्ध. पेट्रोल पहाटे भरा, थंड असतं, जास्त मिळतं. शंभरऐवजी एकशेदहाचं टाका.’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. परवा आमच्या मामांनी त्याच्या भरवशावर पंपावरच्या पोराला चारचौघांत झापलं, कारण मशीनवर ७२८ दिसत होतं. त्या पोराची काहीही चूक नव्हती.

७२८ म्हणजे हजार लिटर पेट्रोलचं वस्तुमान ७२८ किलो. वस्तुमान भागिले आकारमान, एवढीच घनता, म्हणजेच डेन्सिटी. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस २७९६ मध्ये पेट्रोलसाठी १५ अंश सेल्सिअसला ७२० ते ७७५ ही मर्यादा दिली आहे. म्हणजे ७२८ नियमात बसतं. उलट मेसेज ज्याला शुद्ध म्हणतो ते ८०० बसत नाही. ८०० च्या आसपास तर रॉकेलची घनता असते! उद्या नळीतून निव्वळ रॉकेल आलं तरी हा मेसेज वाचणारा निश्चिंत मनाने टाकी भरून घेईल. डिझेलचंही तेच. बीएस-६ या प्रदूषण-मानकाच्या डिझेलला वरची मर्यादा ८४५ आहे, मग ९०० कुठून आणलं?

बरं, ७२० ते ७७५ धरलं तरी भेसळ सापडेलच असं नाही. हिशेब करा. ७४० घनतेचं ९० लिटर पेट्रोल, म्हणजे ६६.६ किलो. त्यात ८०० घनतेचं १० लिटर रॉकेल, म्हणजे ८ किलो. शंभर लिटरचे झाले ७४.६ किलो, घनता ७४६. दहा टक्के भेसळ, आणि आकडा मर्यादेच्या जवळपास मधोमध! भेसळ कळते ती तुलनेतून. टँकरच्या चलनावर, म्हणजे मालासोबतच्या पावतीवर, त्या मालाची घनता लिहिलेली असते. पंपावर हायड्रोमीटरने मोजलेली घनता १५ अंशांच्या हिशेबात बदलून त्या नोंदीशी ताडतात, आणि ३ पेक्षा जास्त फरक चालत नाही. वरच्या उदाहरणात तो ६ आहे. म्हणून भांडायचंच असेल तर डेन्सिटी रजिस्टर मागून भांडा. पेट्रोलच्याच घनतेचं सॉल्व्हंट (औद्योगिक द्रावक) मिसळलं असेल तर मात्र हायड्रोमीटरही हात टेकतो, नमुना प्रयोगशाळेतच जावा लागतो.

पहाटेच्या पेट्रोलात अर्धं तथ्य आहे, नाही म्हणत नाही. थंड पेट्रोल आकसतं, त्यामुळे त्याच लिटरात वस्तुमान थोडं जास्त बसतं. पण किती? एका अंशाला साधारण ०.१ टक्का. पाच अंशांचा फरक पडला तरी दहा लिटरमागे ५० मिली, पाचेक रुपयांचं. शिवाय टाक्या जमिनीखाली असतात, तिथलं तापमान पहाट-दुपार फारसं हलतच नाही. त्यासाठी झोपमोड कशाला?

एकशेदहाचं म्हणाल तर मशीन लिटर मोजतं आणि दराने गुणतं. ज्याने मशीनमध्ये गडबड केली आहे तो दोन्ही रकमांत चोरेल. मापाची शंका आली तर शिक्का असलेलं पाच लिटरचं माप मागा. ते पंपावर ठेवावंच लागतं, आणि पाच लिटरमागे २५ मिलीपेक्षा जास्त तूट खपवून घेतली जात नाही.