पवित्र जलाविषयी फिरणाऱ्या एका संदेशाचा प्रतिवाद

'चर्चमधले मंत्रवलेले पाणी सगळे ख्रिस्ती मानतात, ते बायबलमध्येच सांगितले आहे, त्याने भूत भाजून निघते आणि ते कधीच नासत नाही,' असा एक संदेश बराच काळ फिरतो आहे.

यातला 'सगळे' हा शब्द आधी खोडावा लागतो. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स परंपरांत पवित्र जल आहे. बहुतेक प्रोटेस्टंट पंथांनी मात्र ते धर्मसुधारणेनंतर सोडून दिले. बायबलचे म्हणाल, तर त्यातल्या 'गणना' या पुस्तकात (5:17) 'पवित्र जल' येते खरे, पण तिथे ते संशयित पत्नीच्या परीक्षेसाठी निवासमंडपातली, म्हणजे प्राचीन इस्राएली लोकांच्या उपासनेच्या तंबूतली, धूळ मिसळून वापरायचे आहे. चर्चच्या दारात ठेवतात त्या जलपात्राचा तिथे उल्लेखही नाही.

'मंत्रवलेले' हेही चुकीचे. कॅथलिक शिकवणुकीनुसार हे जल सात संस्कारांपैकी नाही; धर्मगुरू त्यावर आशीर्वादाची प्रार्थना म्हणतात, आणि त्यात बोटे बुडवून क्रुसाची खूण करणारा वसईचा भाविक मुळात आपल्या स्नानसंस्काराचे (बाप्तिस्म्याचे) स्मरण करत असतो.

भुताचा मुद्दा मात्र सरसकट उडवून लावता येत नाही. सोळाव्या शतकातील आविलाच्या संत तेरेसा यांनी या जलाने सैतान पळतात असा स्वानुभव आत्मचरित्रात नोंदवला आहे, आणि भूतनिवारणाच्या विधीतही ते शिंपडले जाते; मात्र चर्चच्या कायद्यातील कलम 1172 प्रमाणे बिशपांच्या स्पष्ट परवानगीवाचून हा विधी कोणत्याही धर्मगुरूला करता येत नाही. तेजाबासारखी कातडी जाळणारे पाणी ही भयपटांची देणगी. गंमत अशी की, 1973 च्या 'द एक्झॉर्सिस्ट' या चित्रपटात ज्या पाण्याने मुलगी तळमळते, ते नळाचे साधे पाणी असते, आणि तिला खरोखर बाधा झाली आहे का, ही ते शिंपडणाऱ्या धर्मगुरूची शंका त्यामुळे उलट वाढते. पुरावा म्हणून तो प्रसंग पाठवणाऱ्यांनी पुढचा संवाद ऐकलेला दिसत नाही.

राहिले न नासण्याचे. जुन्या रोमन विधीत पाण्यात मीठ घालत, आता ते ऐच्छिक आहे. पण चिमूटभर मिठाने पाणी टिकत नाही. व्हिएन्नातील संशोधकांनी 2012 च्या सुमारास ऑस्ट्रियातील पवित्र झरे आणि चर्चमधील जलपात्रे तपासली, तेव्हा बहुतेक झऱ्यांचे पाणी पिण्यायोग्य नव्हते आणि वर्दळीच्या चर्चमधील पात्रांत जंतूंचे प्रमाण अधिक होते. 2020 मध्ये करोनाची साथ पसरली, तेव्हा जगभरच्या चर्चनी ही पात्रे स्वतःहून रिकामी केली.