कॅज्युअल्टीच्या डॉक्टरांनी विधानभवनाची पायरी का चढावी

आज दुपारी वाशीत आम्हा काही डॉक्टरांची बैठक झाली. तातडीच्या उपचारांसाठी महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा व्हावा आणि त्याचा मसुदा तयार होताना कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या उपचारांच्या विभागात, रात्रपाळी करणाऱ्या डॉक्टरांना बोलवावे, अशा दोन मागण्यांचे निवेदन नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाआधी नवी मुंबई आणि ठाण्याच्या आमदारांना द्यायचे होते. चर्चा सुरू असताना एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "आपण रुग्ण बघावेत. विधानभवनात खेटे घालणे हे पुढाऱ्यांचे काम." बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. घरी आल्यापासून ते वाक्य मनातून जात नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे एक माथाडी कामगार आला होता. वय चाळिशीचे, घर कोपरखैरण्याला, काम कांदा-बटाटा मार्केटमध्ये. पहाटे गोणी उतरवताना छातीत कळ आली, दरदरून घाम फुटला, तेव्हा सोबत्यांनी त्याला रिक्षात घालून जवळच्या एका लहान रुग्णालयात नेले. तिथे ईसीजी काढला गेला आणि हृदयविकाराचा झटका त्यावर स्वच्छ दिसत होता. मग अनामत रकमेचा विषय निघाला. पैसे जमेनात, तेव्हा "मोठ्या ठिकाणी घेऊन जा" असे सांगण्यात आले. सोबत चिठ्ठी दिली नाही, पुढच्या रुग्णालयाला फोन केला नाही, ॲस्पिरिनची गोळीसुद्धा दिली नाही. आणखी एका दारावरून परत फिरून तो आमच्यापर्यंत पोहोचला, तेव्हा ईसीजीवर छापलेल्या वेळेला अडीच तास उलटले होते. तो वाचला, परंतु त्या अडीच तासांत हृदयाचा जो स्नायू मेला, तो कोणत्याही औषधाने परत येत नाही, आणि ज्याचे पोट पाठीवरच्या ओझ्यावर चालते त्याला हे समजावून सांगणे किती कठीण असते, हे बैठकीत माना डोलावणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

हा रुग्ण मी बघितलाच. माझ्या रुग्णालयात जे करता येणे शक्य होते ते सगळे आम्ही केले. माझ्या दारात येण्यापूर्वीचे अडीच तास मात्र मी कोणत्या औषधाने भरून काढायचे, हे त्या ज्येष्ठांनी मला सांगावे.

कायदे आहेतच की, असे कोणी म्हणेल. जखमीचा जीव वाचवणे हे सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात सांगितले. रेल्वेतून पडून जखमी झालेल्या हकीम शेख यांना कलकत्त्यातील एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवले होते. त्या खटल्यात १९९६ साली न्यायालयाने वेळेवर उपचार न मिळणे हा जगण्याच्या हक्काचा भंग ठरवला. आपल्याकडे १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा आहे, २०२१ साली त्याच्या नियमांत रुग्णहक्कांची सनदही आली. केंद्राच्या २०१० च्या क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायद्यात रुग्णाची प्रकृती स्थिर करण्याचे बंधन आहे, पण तो महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. हे सगळे असूनही त्या पहाटे दोन दरवाजे बंद झाले.

याच माणसाला मार्केटच्या फाटकाबाहेर एखाद्या टेम्पोने उडवले असते, तर रस्ते अपघातांतील जखमींसाठीच्या २०२५ च्या केंद्रीय योजनेनुसार त्याला सात दिवसांसाठी दीड लाख रुपयांपर्यंतचे रोकडरहित उपचार मिळू शकले असते. तो रस्त्यावर जखमी झाला नाही, गोणी उचलताना त्याच्या हृदयाची रक्तवाहिनी बंद पडली, म्हणून त्याच्या बायकोला पहाटे नातेवाइकांना फोन करून पैसे मागावे लागले. राज्याची महात्मा फुले आरोग्य योजना आहे, पण ती योजनेत सामील असलेल्या रुग्णालयांपुरती. छातीत कळ आलेल्या माणसाने आधी यादी तपासावी काय?

लिहिता लिहिता मला त्या पहिल्या रुग्णालयातल्या आरएमओची, म्हणजे निवासी डॉक्टरची, आठवण येते. मी त्याला नंतर फोन केला होता, रागानेच. तो पोर रात्री एकटा होता. उपचार सुरू केले आणि रुग्ण दगावला, तर जमाव कोणाला मारणार, आणि पैसे बुडाले तर मालक कोणाच्या पगारातून कापणार, हे त्याला पक्के माहीत होते. त्याच्यावर ओरडण्याची माझी इच्छा तिथेच संपली. डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राचा २०१० चा कायदा आहे. गुन्हा अजामीनपात्र, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. त्या मुलाला त्याचा आधार वाटत नव्हता. केरळमध्ये मे २०२३ मध्ये डॉ. वंदना दास यांची रुग्णालयातच हत्या झाली, डॉक्टर रस्त्यावर उतरले, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने अध्यादेश काढून गंभीर इजेसाठी सात वर्षांपर्यंतची शिक्षा आणली. राज्याने मनावर घेतले तर किती लवकर होते पाहा.

रुग्णालये आणि दवाखाने हा विषय राज्यघटनेने राज्य सूचीत ठेवला आहे. म्हणून दिल्लीकडे बोट दाखवून आपली सुटका नाही. डॉक्टरांनी राज्यांकडून कायदा करून घेतल्याचे उदाहरण अमेरिकेत आहे. तिथे विमा कंपन्या अंतिम निदान पाहून तातडीच्या उपचारांचे बिल नाकारत. छातीत दुखते म्हणून धावत गेलेल्याला शेवटी आम्लपित्त निघाले, तर खर्च त्याच्याच माथी. तिथल्या कॅज्युअल्टीच्या डॉक्टरांनी राज्याराज्यांच्या विधिमंडळांत जाऊन मागणी लावून धरली की, सामान्य शहाण्या माणसाला त्या क्षणी जी लक्षणे गंभीर वाटली तीच ग्राह्य धरावीत. पहिला कायदा मेरीलँड राज्याने केला, नंतर इतरांनी. १९९७ साली तो निकष तिथल्या केंद्र सरकारच्या मेडिकेअर आणि मेडिकेड या आरोग्य विमा योजनांमध्ये आला आणि २०१० च्या आरोग्य कायद्याने खासगी विम्यालाही लागू झाला. ते डॉक्टरही रुग्ण बघतच होते.

राजस्थानचे उदाहरण मला लगेच दिले जाईल. मार्च २०२३ मध्ये तिथे आरोग्य हक्काचा कायदा झाला, आणि आगाऊ पैसे न घेता केलेल्या उपचारांची भरपाई कशी मिळणार, या प्रश्नावर खासगी डॉक्टर संपावर गेले. त्यांची शंका रास्त होती, हे मान्य करते. पण मसुद्याच्या टेबलावर आपण नसलो की नंतर रस्त्यावर बसावे लागते, मी हेच तर म्हणते आहे! डॉक्टरांच्या संघटना सरकारकडे बहुतेक वेळा स्वतःच्याच मागण्या घेऊन जातात, हा आरोपही खरा आहे. त्यावर उपाय एवढाच की, या वेळी रुग्णाची मागणी घेऊन जावे: उपचार आधी, भरपाईची मुदत कायद्यात, आणि रुग्ण पुढे पाठवताना कागद व फोन सक्तीचे.

त्या कामगाराचा भाऊही माथाडीच. अतिदक्षता विभागाबाहेर त्याने मला विचारले, "मॅडम, आमच्या मजुरीला कायदा आहे, मग जीव जायची वेळ आली तर काहीच कसा नाही?" तो ज्या कायद्याविषयी बोलत होता तो १९६९ चा माथाडी कायदा. अण्णासाहेब पाटील आणि त्यांच्यासोबतच्या हमालांनी लढून तो याच राज्याच्या विधिमंडळाकडून मिळवला. पाठीवर गोणी वाहणाऱ्यांना हे जमले आणि आम्ही इतके शिकलेले लोक त्याला पुढाऱ्यांचे काम म्हणतो, याची मला मनापासून लाज वाटते.

आपल्या हातात काहीच नाही, असे कृपया म्हणू नका. विधान परिषदेत पदवीधरांचे सात प्रतिनिधी असतात आणि ठाणे जिल्हा कोकण पदवीधर मतदारसंघात येतो. प्रत्येक डॉक्टर पदवीधर आहे, पण त्या मतदार यादीत दर निवडणुकीला नव्याने नाव नोंदवावे लागते, त्यासाठी १८ क्रमांकाचा अर्ज भरावा लागतो, आणि तो भरलेले डॉक्टर माझ्या ओळखीत फारच थोडे आहेत. आमदार लक्षवेधी सूचना मांडू शकतात, मंत्री नसतानाही स्वतःचे अशासकीय विधेयक आणू शकतात. त्यांना कॅज्युअल्टीतले तपशील आपणच पुरवायला हवेत.

निवेदन मी आज रात्री पूर्ण करते आहे. ठाणे, कळवा, ऐरोली, पनवेल इथल्या ज्या डॉक्टर मित्रमैत्रिणींना सही करायची आहे त्यांनी मला मेसेज करावा. जे डॉक्टर नाहीत पण ज्यांच्या घरच्यांना असे दारोदार फिरावे लागले आहे, त्यांनी तारीख, वेळ आणि घडलेला प्रकार रुग्णालयाचे नाव न घालता लिहून पाठवावा. तो निवेदनाला जोडायचा आहे.