सतरा डोकी, पाच खोल्या, एक शेगडी

हॉटेलात उतरणारी माणसं मला कधी कळली नाहीत. काउंटरवर आधार कार्ड दाखवायचं, चावी घ्यायची, खोलीत जाऊन पाय पसरायचे. भूक लागली की खाली फोन करायचा. चादर मळली तर बदलून जाणाऱ्याचं नावही आपल्याला ठाऊक नसतं. दोन दिवसांत एकाही नातेवाइकासमोर आवाज चढवावा लागत नाही. मग गेलात कशाला?

पंधरा-वीस डोकी घेऊन जायचं असेल तर सरळ प्रायव्हेट व्हिला घ्या. कर्जतला घ्या, अलिबागला घ्या, पवनेच्या काठाला घ्या. मी जुलैत लोणावळ्याला, तुंगार्लीच्या बाजूला घेतला होता. त्या अधिकारानेच हे चार शब्द.

आधी पैशाचं बघू, कारण ग्रुपवर तुम्हाला तेच टाकायचंय. आम्ही सतरा जण. हॉटेलात सहा खोल्या, एक्स्ट्रा गाद्या धरून खोलीला ६,५००, म्हणजे ३९,०००. साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीचा जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्क्यांवर आलाय, त्याचे १,९५०. एकूण ४०,९५०, माणशी २,४०९. आणि पाच बेडरूमचा व्हिला शनिवारच्या रात्रीला ३८,०००, माणशी २,२३५. डोक्यामागे १७४ रुपये वाचले! हा आकडा ठळक अक्षरात टाकायचा आणि पुढे टाळ्यांची चित्रं लावायची. हॉटेलच्या भावात सकाळचा नाश्ता धरलेला होता हे मी लिहिलं नाही. सगळंच लिहीत बसलं तर आपल्या घरात निर्णय होत नाहीत.

३८ हजार हे पहिल्या पंधरा माणसांचे, हे मालकाने ॲडव्हान्स पोचल्यावर कळवलं. वरच्या दोघांचे माणशी १,५००. झाले ४१,०००, म्हणजे हॉटेलपेक्षा पन्नास रुपये जास्त. पन्नास रुपयांसाठी कोणी बेत मोडतं का? शिवाय ॲडव्हान्स परत मिळत नसतो. बिल मागितलं तर तो अदबीने म्हणाला, "साहेब, बिलात घेणार? मग अठरा टक्के वेगळे." मी म्हटलं, राहू द्या. बिल फ्रेम करून लावणार होतो थोडंच.

ॲडव्हान्स कुणाला पाठवतोय याची फार चौकशी करू नका, समोरच्याला वाईट वाटतं. फोटो छान असले की झालं. काही मंडळी पोचतात तेव्हा फोटोतला बंगला जागेवर असतो, गेटही तेच असतं, फक्त आतल्या गृहस्थांना आपण बंगला भाड्याने दिलाय हे माहीत नसतं. आमच्या नशिबी तेवढं नाट्य नव्हतं. आमचा व्हिला खरा निघाला. त्यातला स्विमिंग पूल मात्र फोटोपेक्षा बराच आटोपशीर होता. कोपऱ्यात उभं राहून, मोबाइल जमिनीलगत धरून, वाइड लेन्सने काढलेला फोटो ऑलिंपिकचा वाटतो. प्रत्यक्षात आमचे काका एका काठाला टेकले आणि त्यांचे पाय समोरच्या काठाला लागले. तरी पूल हवाच. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बराचसा आपण असतानाच. एवढं पाणी फुकट अंगावर पडत असताना पाण्यात उतरण्याचे पैसे भरण्यात जी ऐट आहे ती हॉटेलवाल्यांना कळायची नाही.

पुलाशी जीवरक्षक नसतो, पाटी असते. 'पोहणाऱ्याने स्वतःच्या जबाबदारीवर पोहावे. नायलॉनचे कपडे सक्तीचे.' दुसऱ्या वाक्यावर मालकाचं बारीक लक्ष असतं. पहिल्याची सोय घरातच होते. माझ्या थोरल्या वहिनीला पोहता येत नाही, म्हणून ती पाण्यात उतरत नाही, म्हणून ती काठावर छत्री धरून सहा पोरांवर नजर ठेवू शकते. तिने साडेतीन तास ठेवली. पाण्यातले आम्ही तिला मधूनमधून हात करत होतो.

पोचण्याची वेळ नीट ठरवा. चेक-इन दुपारी एकचं होतं. पुण्याचे दाजी पुण्याचे असल्यामुळे पावणेअकराला गेटवर. केअरटेकर म्हणाला, आधीची पार्टी अजून निघायचीय, मग लादी पुसायचीय. दाजी गाडीत बसून चिक्कीचं पाकीट संपवत राहिले आणि दर दहा मिनिटांनी मला फोन करत राहिले. मी तेव्हा मुंबईकरांची तुकडी घेऊन एक्स्प्रेस वेवर, खंडाळ्याच्या घाटात, एका ट्रकच्या मागे. हा साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा रस्ता २००२ मध्ये पूर्ण झाला तो वेळ वाचावा म्हणून. पावसाळ्यातल्या शनिवारी तो वाचलेला वेळ घाटात एकरकमी परत करावा लागतो. आम्ही अडीचला पोचलो. चेक-आउट सकाळी अकराचं. मधले साडेवीस तास मात्र संपूर्ण आमचे.

आता खोल्यांची वाटणी. हॉटेलात सगळ्या खोल्या सारख्या असतात, त्यामुळे कुणाची पत काय ते कळतच नाही. व्हिलात मास्टर बेडरूम एकच, तिला बाल्कनी एकच, आणि ती जावयाला जाते. यावर चर्चा होत नाही, फक्त नंतर वर्षभर बोललं जातं. तळमजल्यावरची आत्याच्या गुडघ्यांना. घोरणारे दोन काका एका खोलीत, त्यांच्या सौभाग्यवती दुसरीत, आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्या दोघी सलग सहा तास झोपल्या हे मी प्रामाणिकपणे नोंदवतो. उरलेल्या एका खोलीत पोरं. ज्यांनी बुकिंग केलं, त्यांना हॉल. हॉलच्या गादीवर माझ्या बाजूला फ्रिज होता आणि रात्री प्रत्येकाला तहान लागली.

पण व्हिलाचा खरा आत्मा म्हणजे स्वयंपाकघर. जाहिरातीतही ठसठशीत लिहिलेलं असतं: 'सुसज्ज किचन, अगदी घरच्यासारखं'. जाहिरातीतलं हे एकच वाक्य मला अक्षरशः खरं वाटलं. दोन बर्नरची शेगडी, त्यातला एक पेटणारा. लायटर नाही. पातेलं एक, त्याला झाकण दुसऱ्या पातेल्याचं. सुरी अशी की टोमॅटोला आधी विनंती करावी लागे. म्हणून निघताना घरून चहापत्ती, साखर, आलं, काड्यापेटी, सुरी, गाळणं, भांडी घासायचा साबण, डासांची कॉइल, लोणचं आणि पोरांसाठी दूध घेऊन जा. एवढं घेतलंत की व्हिला सुसज्ज होतो. आमच्या गाडीच्या डिकीत सामान इतकं होतं की टोलनाक्यावर बिऱ्हाड हलवताय का म्हणून विचारलं.

केअरटेकर चहा देतो, नाही असं नाही. सकाळी आठला एक किटली, संध्याकाळी पाचला एक किटली. पण तो गृहस्थ एकाच वेळी तीन व्हिला सांभाळतो, आणि रेंज फक्त तिसऱ्यात येते. मधल्या वेळात चहा लागतोच. काकांना बिनसाखरेचा. आत्याला कोरा, लिंबू पिळून. दाजींना पुण्याचा, म्हणजे अर्धा कप, पण कडक. धाकट्या भावाला ग्रीन टी, जी तो फक्त चारचौघांत पितो. बाकीच्यांना आलं घातलेला, आणि 'आता केलाच आहेस तर' असं म्हणणाऱ्यांना पुन्हा एकदा. एका बर्नरवर सतरा माणसांचा चहा पुरा होईपर्यंत पहिल्यांदा प्यायलेल्याची पुन्हा वेळ होते. माझ्या हिशेबाने शनिवारी दुपारी तीन ते रात्री आठ ती शेगडी विझलीच नाही. बायको, दोन्ही वहिन्या आणि काकू आळीपाळीने आत होत्या. आतून हसण्याचे आवाज येत होते, त्यावरून त्या मजेत असाव्यात असा आम्ही बाहेर बसून अंदाज केला. नंतर आवाज बंद झाले, तेव्हा दमल्या असतील म्हणून कुणी त्रास द्यायला आत गेलं नाही.

इथे थोडा इतिहास सांगून ठेवतो, दाजींसमोर उपयोगी पडेल. १८६३ साली बोरघाटातून रेल्वे धावू लागली आणि मुंबईच्या धनिकांना खंडाळा-लोणावळ्याची हवा मानवू लागली. मग बंगले उठले. शेठजी हवा खायला येत तेव्हा बरोबर स्वयंपाकी, गडी, आया असा लवाजमा असे. बंगल्याला स्वयंपाकघर होतं ते त्या लवाजम्यासाठी. आज तोच बंगला आपल्याला एका रात्रीपुरता मिळतो. बंगला येतो, बाग येते, व्हरांडा येतो. फक्त लवाजमा आपला आपण न्यायचा असतो, आणि तो आपल्याकडे लग्न करून आणलेला असतोच.

जेवणाचं थोडक्यात. घरी शिजवायचं की केअरटेकरकडून घ्यायचं, यावर ग्रुपवर तीन दिवस काथ्याकूट झाला. शेवटी दोन्ही केलं. त्याच्याकडून शाकाहारी नऊ, माणशी १,१००. मांसाहारी आठ, माणशी १,४००. आणि हौस म्हणून बार्बेक्यू, ज्यात १,५०० रुपयांना जाळी, कोळसा आणि शुभेच्छा मिळतात. पनीर कापणं, मसाला लावणं, काड्यांना टोचणं ही कामं आतली. जाळीजवळ उभं राहून कोळशाला पुठ्ठ्याने वारा घालणं हे पुरुषांचं. आम्ही पाच जणांनी दोन तास घातला. पावसाने सर्द झालेल्या कोळशातून धूर झकास निघाला. पनीर अखेर त्याच एका बर्नरवर, तव्यात झालं. पण फोटो जाळीसोबतच आहेत.

रात्री दहाला गाणी बंद. ध्वनिप्रदूषणाचा नियम २००० सालापासून आहे, रात्री १० ते सकाळी ६ स्पीकर लावायचा नाही, आणि मालकाच्या नियमावलीत तो लाल अक्षरात होता. आम्ही पाळला. शेजारच्या व्हिलातल्या मुलांनी पाळला नाही, त्यामुळे आमची गाण्यांची सोय पहाटे तीनपर्यंत फुकटात झाली. सव्वाअकराला वीज गेली. इन्व्हर्टर होता, त्यावर पंखे आणि दिवे चालतात, एसी आणि गीझर चालत नाहीत. पंखे आम्हाला नको होते. सकाळी आंघोळीचं पाणी कुठे तापवलं, ते तुम्ही ओळखलंच असेल.

निघताना केअरटेकर चादरी मोजतो, ग्लास मोजतो, टॉवेल उजेडात धरून बघतो. डिपॉझिटच्या दहा हजारांतले दोन हजार कापले, कारण एका चादरीवर हळदीचा डाग होता. पनीरचा मसाला बेडरूममध्ये कसा गेला, यावर आमच्या घरात आजही दोन तट आहेत. बाल्कनी असलेल्या बेडरूममध्ये, एवढंच सांगतो. दाजींचं नाव घेत नाही.

सोमवारी मी खर्च वाटायच्या ॲपवर हिशेब टाकला. व्हिला ४१,०००, जेवण २१,१००, बार्बेक्यू १,५००, डाग २,०००. एकूण ६५,६००, माणशी ३,८५८ रुपये ८२ पैसे. दाजींनी लगेच कळवलं की ते शाकाहारी असल्यामुळे सरसकट भागाकार अन्यायाचा आहे. धाकटा भाऊ म्हणाला, मी हॉलमध्ये झोपलो, मला बाल्कनीच्या दराने का? काकांनी अंगठा दाखवला, पैसे दाखवले नाहीत. आत्याने रोख दिले, पाकिटात, वर एक रुपया ठेवून. हॉटेलवाला तुमचे पैसे तुमच्याकडून घेऊन मोकळा होतो. व्हिलाचे पैसे वसूल करता करता नातं महिनाभर ताजं राहतं. किराण्याचे चार हजार यात धरलेले नाहीत, ते बायकोने तिच्याकडून घातले होते आणि तिने मागितले नाहीत. एकूण तिने त्या सहलीबद्दल काहीच मागितलं नाही किंवा काढलंही नाही, म्हणजे आवडली असणार.

पुढच्या खेपेसाठी मी आतापासूनच बघतोय. इगतपुरीला सात बेडरूमचा एक आहे, किचन मोठं, चार बर्नरची शेगडी. मुद्दाम 'लेडीजसाठी खास' असं लिहून फोटो ग्रुपवर टाकला. पुरुषांचे अंगठे आले. बायकांकडून काही नाही. मग कळलं की त्यांनी त्यांचा वेगळा ग्रुप काढलाय आणि गेल्या शुक्रवारीच आत्यासकट पाची जणी महाबळेश्वरला गेल्यात. हॉटेलात. मला तिथून एकच फोटो आला, बायकोचा. गादीवर ट्रे, ट्रेमध्ये कप, कपाखाली बशी, बाजूला घडी घातलेला रुमाल. खाली एक अक्षर लिहिलेलं नाही.

मी झूम करून पाहिलं. साधा चहा होता. खोलीत आणून देण्याचे हॉटेलवाले कपाला शंभर-सव्वाशे सहज लावतात. व्हिलात तोच फुकट मिळतो, पण हे तिला आता कोण समजावणार.