‘एल लावा, 777 द्या’: कृपा करून यातलं काहीही करू नका

ठाण्यातल्या दुकानदारांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘साइट रिडायरेक्टमध्ये अडकली? डॉट एचटीअ‍ॅक्सेस फाइल डिलीट करा, फोल्डरला 777 द्या, प्रत्येक रूलला एल लावा, रिडायरेक्ट 301च ठेवा. 100% गॅरंटी.’ रिडायरेक्ट म्हणजे सर्व्हरने ब्राउझरला दुसऱ्या पत्त्यावर पाठवणं; 301 हा त्यातला कायमचा प्रकार, आणि ते गोल गोल फिरत राहिलं की लूप. डॉट एचटीअ‍ॅक्सेस ही अपाचे या वेब सर्व्हरची सेटिंग फाइल, पत्ते बदलायचे रूल तिच्यात असतात. नौपाड्यातल्या माझ्या मामाने तो इमानेइतबारे अमलात आणला आणि मग मला फोन केला.

आधी 777. रिडायरेक्टचा आणि परमिशनचा काडीचा संबंध नाही. 777 म्हणजे सर्व्हरवरच्या कुठल्याही यूजरला तुमच्या फोल्डरात लिहायची मुभा. शेअर्ड होस्टिंगवर (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट) हे करणं म्हणजे शटर वर ठेवून गावाला जाणं.

फाइल डिलीट करण्यात अर्धं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. तिचं नाव थोडा वेळ बदललं की दोष तिच्यातच आहे का ते कळतं. पण डिलीट? लूप गेला म्हणून मामा खूश. वर्डप्रेसचं होमपेज उघडलं आणि आतली झाडून सगळी पानं 404, म्हणजे ‘पान सापडलं नाही’. बॅकअप होता म्हणून निभावलं.

सगळ्यात अचाट सल्ला मात्र एलचा. एल म्हणजे ‘लास्ट’, रूलच्या शेवटी लावायची खूण, म्हणजे फ्लॅग. अपाचेच्या डॉक्युमेंटेशनमध्येच स्वच्छ लिहिलंय की डॉट एचटीअ‍ॅक्सेसमध्ये एल फक्त चालू फेरी थांबवतो. बदललेला पत्ता पुन्हा त्याच रूलांपुढे येऊ शकतो. पूर्ण थांबवायला 2.4मध्ये एंड हा वेगळा फ्लॅग आहे. मामाच्या साइटवर तोही निरुपयोगी, कारण लूप सर्व्हरच्या आत नव्हताच, ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यात होता. फाइल परत ठेवून कर्ल या कमांडने सर्व्हरच्या उत्तराचे हेडर (उत्तराच्या माथ्यावरच्या माहितीच्या ओळी) पाहिले: मागितला एचटीटीपीएसचा पत्ता, उत्तर 301, आणि लोकेशनच्या ओळीत अक्षरन् अक्षर तोच पत्ता! एचटीटीपीएसचं सर्टिफिकेट अपाचेच्या पुढच्या प्रॉक्सीवर (मधल्या सर्व्हरवर) होतं आणि प्रॉक्सी मागे अपाचेशी साध्या एचटीटीपीने बोलत होता. त्यामुळे ‘एचटीटीपीएस बंद असेल तर तिकडे पाठव’ ही अट दर रिक्वेस्टला खरी ठरायची. ती एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो हेडरवर लावली (मूळ रिक्वेस्ट एचटीटीपीएसने आली का, ते प्रॉक्सी त्यात सांगतो), लूप सुटला. यात एल काय दिवे लावणार होता?

301चं थोडक्यात: ब्राउझर तो लक्षात ठेवतो, चूक दुरुस्त केली तरी जुनीच वाट धरतो. चाचणी संपेपर्यंत 302, म्हणजे तात्पुरता रिडायरेक्ट ठेवा.

आणि नेमका कोणता रूल लागतोय हे बघायचं तर लॉगलेव्हलला (अपाचेने लॉगमध्ये किती तपशील लिहायचा ते ठरवणारी सेटिंग) ‘रीराइट:ट्रेस3’ द्यायचं. डॉट एचटीअ‍ॅक्सेसमधून ते चालत नाही. शेअर्ड होस्टिंग असेल तर होस्टिंगवाल्याच्या मागे लागावं लागतं.