मंगोलांना गवताने अडवलं

चंगीझ खानाचा मुलगा आणि वारस ओगदेई खान मेला, नवा खान निवडायला मंगोल परतले म्हणून युरोप वाचला, हे वाक्य मंगोलांचा विषय निघाला की हमखास ऐकू येतं. मला ते मुळीच पटत नाही.

एप्रिल १२४१ मध्ये दोन दिवसांच्या अंतराने पोलंडमध्ये लेग्नित्साला आणि हंगेरीत मोहीला युरोपीय फौजांचा चुराडा झाला. मोहीला चंगीझचा नातू बातू आणि सेनापती सुबुताई यांनी हंगेरीचा राजा बेला चौथ्याचं सैन्य जवळजवळ संपवलंच. डिसेंबरमध्ये ओगदेई वारला आणि १२४२ च्या वसंतात मंगोल परतले. पण बातू राजधानी काराकोरमला गेलाच नाही! तो व्होल्गाकाठी थांबला. १२४६ मध्ये ओगदेईचा मुलगा गुयुक खान झाला, त्या सभेलाही तो नव्हता. मग पुन्हा पश्चिमेकडे का वळला नाही? एक कारण गुयुकशी असलेलं वैर. पण माझ्या मते खरं कारण घोड्यांच्या पोटात होतं.

एकेका स्वारामागे तीन-चार घोडे, आणि सगळे चरून जगणारे. हंगेरीचं मैदान हा मंगोलियापासून पसरलेल्या गवताळ पट्ट्याचा पश्चिमेकडचा शेवटचा मोठा तुकडा. त्यापुढे जंगलं, शेतं आणि दगडी किल्ले. गोठलेली डॅन्यूब ओलांडून मंगोलांनी एस्टरगोम शहर जाळलं, पण वरचा बालेकिल्ला पडला नाही. सेकेशफेहेरवारला बर्फ वितळून भोवती दलदल झाली आणि तेही वाचलं. बेलाच्या मागावर गेलेल्या तुकडीला डाल्मेशियातला क्लिसचा किल्लाही घेता आला नाही.

मंगोलांना किल्ले घेता येत नव्हते असं मात्र कुणी समजू नये. चीनमध्ये शियांगयांगला त्यांनी पाच-सहा वर्षं वेढा घालून ते घेतलंच. पण वेढा म्हणजे एका जागी बसणं, आणि बसायचं तर घोड्यांना रोज चारा हवा. ऱ्हाइनकाठी तो कुठून आणणार? व्हिएन्ना त्यांनी जाळलं असतं, कदाचित फ्रान्सपर्यंत लुटालूट केली असती. रशियासारखा दोन शतकं खंडणी गोळा करणारा अंमल तिथे बसला असता, हे मात्र मला शक्य वाटत नाही.

बेला परतला आणि त्याने सरदारांना दगडी किल्ले बांधायला लावले. १२८५ मध्ये बातूच्या घराण्यातले नोगाई आणि तलाबुगा पुन्हा हंगेरीवर आले, तेव्हा खानाचा मृत्यू वगैरे काहीही आड आलं नव्हतं. तरी त्यांना हात हलवत परतावं लागलं, आणि तलाबुगाची बरीचशी फौज कार्पेथियन डोंगरात भुकेने मेली.