‘शेवटी गाईडच लिहितो’ म्हणणाऱ्या सरांना

सर, तुमची कॉमेंट परवा रात्रीच वाचली. लगेच उत्तर दिलं नाही, कारण तेव्हा लिहिलं असतं तर जीभ आवरली नसती. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. गाईडनं, म्हणजे मार्गदर्शक शिक्षकानं, बीएच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांकडून लघुप्रबंध कसा लिहून घ्यायचा यावर मी लिहिलं होतं. सरांचं म्हणणं, चौथ्या वर्षाच्या रिसर्चला 75 टक्क्यांची अट असते ती मी सांगितलीच नाही, बेळगावात संशोधनाची साधनं नाहीत, आणि मग हे वाक्य, जसंच्या तसं देतो: ‘खेड्यातल्या पोरांना चार ओळी शुद्ध लिहिता येत नाहीत, शेवटी गाईडच लिहितो आणि पोरगं सही करतं, उगाच ज्ञान पाजळू नका.’

अटीचं बरोबर आहे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) डिसेंबर 2022 च्या आराखड्यात पहिल्या सहा सेमिस्टरला 75 टक्के असतील तरच चौथ्या वर्षी रिसर्च घेता येतंय आणि प्रबंधाला 12 क्रेडिट आहेत. लेखात ते घातलंय आता. पण कर्नाटकानं 2024 ला परत तीन वर्षांची डिग्री आणली, त्यामुळं आमच्याकडच्या बहुतेक मुलांचा प्रश्न तिसऱ्या वर्षातल्या प्रोजेक्टचा आहे आणि मी लिहिलं ते त्याबद्दलच. साधनांचं म्हणाल तर सार्वजनिक वाचनालय 1848 पासून आहे, 1884 चं बेळगावचं गॅझेटिअर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ, मोबाईलवर वाचता येतंय. यावर जास्त बोलत नाही.

आता ते वाक्य. ‘पोरं’ म्हटलं, चालतंय, मीपण वर्गात म्हणतो, पण ‘खेड्यातल्या’ हे कशाला लावलं? मी स्वतः खानापूर तालुक्यातल्या खेड्यातला, घरात डिग्री घेतलेला पहिला. धारवाडला एमएला असताना माझ्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण घेऊन माझ्या गाईड सरांकडं गेलो तर त्यांनी पेन उघडलंच नाही, कागद माझ्याकडं सरकवले आणि मोठ्यानं वाच म्हणाले. दुसऱ्याच परिच्छेदाला मी अडलो कारण ती वाक्यं पुस्तकातनं उचललेली होती आणि मला स्वतःला त्यांचा अर्थ लागत नव्हता. सर काही बोलले नाहीत, उद्या ये एवढंच म्हणाले. त्या माणसानं माझी एक ओळ लिहून दिली नाही. म्हणून ‘गाईडच लिहितो’ असं कुणी सरसकट म्हटलं की मला राग येतोय, आणि तो यायलाच पाहिजे असं मला वाटतंय.

गाईड लिहून देतात हे घडत नाही असं मी म्हणत नाही, बघितलंय मी. पण ते मुलाला येत नाही म्हणून होत नाही हो, विषय गाईडच्या यादीतनं येतो म्हणून होतंय. ‘संत साहित्यातील सामाजिक जाणीव’ असला विषय वीस वर्षांच्या मुलाच्या हातात दिला की त्यानं करायचं काय? तो जुन्या बॅचची फाईल आणणार, झेरॉक्सवाल्याकडनं टाईप करून घेणार आणि सबमिशनला आठ दिवस असताना तुमच्यापुढं ठेवणार, मग तुम्ही रात्र जागून नीट करणार आणि वर म्हणणार की पोराला लिहिता येत नाही.

निपाणीकडची एक मुलगी होती माझ्याकडं. पहिलं पान ‘प्राचीन काळापासून भारतीय समाजात स्त्रीचे स्थान’ असं सुरू झालेलं. मी पेन्सिलनं बाजूला ‘कुठली स्त्री?’ एवढंच लिहिलं. मैत्रिणी तिला 1981 चं तंबाखू शेतकऱ्यांचं आंदोलन घे म्हणत होत्या, त्यावर माहिती सापडते म्हणून. बरेच दिवस ती आलीच नाही, मला वाटलं सोडलं हिनं. मग आली ती आईचं मजुरीचं पुस्तक घेऊन. आई बिड्या वळते. मजुरी हजार बिड्यांवर, ठेकेदार तपासून खराब म्हणून काही बाजूला काढतो ती छाट, तिचे पैसे कापतात पण बिड्या परत देत नाहीत. ती मला विचारते, ‘सर, मग त्या बिड्या जातात कुठं?’ हा प्रश्न मी तिला सुचवला नव्हता आणि मला सुचलाही नसता. त्यावर तिनं गल्लीतल्या बायकांशी बोलून, छाट काढताना काय काय कारणं सांगतात ते टिपून प्रबंध लिहिला. पान कुठलं आईनं सांगितलेलं, कुठलं शेजारणीनं, सगळं नोंदवलेलं.

ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होत्या का? होत्या, भरपूर. पण पहिल्याच खर्ड्यावर लाल पेन चालवलं की मूल वेलांट्या तेवढ्या बदलून आणतंय आणि मजकूर आहे तसाच राहतोय, हे कुणालाही विचारा. म्हणून शुद्धलेखन शेवटच्या फेरीला, प्रस्तावना त्याच्याही नंतर, कारण आपण काय लिहिलंय हे मुलाला तोपर्यंत कळलेलं नसतंय. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरनं आलेल्या मॅडमनी तिला त्या मजुरीच्या पुस्तकाबद्दल विचारलं तर तिनं एकेक रकाना समजावून सांगितला, मी मागं गप्प बसलो होतो. सही करणारं पोरगं असं बोलतंय का?

तुमच्याकडं वर्षाला पंचवीस-तीस मुलं येत असतील, प्रत्येकाला असा वेळ देणं जमत नसेल, तर तसं लिहा, त्यावर बोलू, ती अडचण मलाही आहे. पण स्वतःला वेळ नाही आणि दोष खेड्याला, हे मी ऐकून घेणार नाही. ती मुलगी हे सगळं वाचते, तिच्या वर्गातली मुलंही वाचतात. मला काय म्हणायचं ते खुशाल म्हणा, तुमची कॉमेंट मी काढणार नाही. ‘पोरगं सही करतं’ एवढं तेवढं तुम्ही स्वतः मागं घ्या.