खुलासा: ‘उंदीर चावला तरच लेप्टो’ हे खरं नाही

‘लेप्टो उंदीर चावला तरच होतो, लेंड्या झाडल्या की झालं’ हा मेसेज मराठवाड्यातल्या ग्रुपांवर फिरतोय. (लेप्टो म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, उंदरांमुळे पसरणारा जंतूंचा आजार.) कृपया पुढे पाठवू नका. वैद्यकशास्त्रानुसार चावा हा अपवाद. जंतू उंदराच्या लघवीत असतात, ओल्या जागी आठवडे टिकतात आणि टाचेच्या भेगा, खरचटलेली कातडी, डोळे यांतून शिरतात. आपल्याकडे नळ आठ-आठ दिवसांनी, म्हणून आधी उघड्या हौदाला घट्ट झाकण बसवा. लेंड्या कोरड्या झाडल्या तर धूळ नाकात जाते, तिचे धोके वेगळेच. हातमोजे घालून 1 वाटी घरगुती द्रवरूप ब्लीच (पावडर नव्हे), 9 वाट्या पाणी असं द्रावण शिंपडा, 5 मिनिटांनी कागदाने टिपा. (त्यात ॲसिड मुळीच नको, विषारी वायू होतो.) ताप, पोटऱ्यांत ठणका, लाल डोळे असतील तर घरात उंदीर असल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा.